तेरीज जुळली, बिलं कुठे आहेत?

प्रस्तावना

दुरुस्त होऊन आलेला डेटा संगणकावर चढतो. टॅली उघडतं, कंपनीचं नाव यादीत दिसतं, ट्रायल बॅलन्स, म्हणजे तेरीज, काढली तर नावे आणि जमा पैशापर्यंत सारखे. मालकाचा जीव भांड्यात पडतो, दुरुस्तीवाल्याचे पैसे चुकते होतात आणि विषय मिटतो. मग दोन-तीन महिन्यांनी एखाद्या पार्टीकडून खातेउतारा येतो. त्यांच्या हिशेबात असलेली आपली चार बिलं आपल्याच हिशेबात नाहीत, हे तेव्हा लक्षात येतं.

यात चमत्कार काही नाही. द्विनोंदी पद्धतीत प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात, आणि फाइलमधून एखादं व्हाउचर गेलं की त्याच्या दोन्ही बाजू एकदमच जातात. मागे उरलेला हिशेब जुळतोच. न जुळायला त्याला कारणच राहत नाही. शंभरातली चाळीस बिलं गेली तरी उरलेल्या साठांची तेरीज चोख बसते. तेरीज चूक पकडते, गैरहजेरी पकडत नाही. अकरावी-बारावीच्या वाणिज्य शाखेत हे शिकवलेलं असतं, परीक्षेत त्यावर गुणही मिळालेले असतात. पण डेटा उडाल्याच्या दिवशी आणि तो 'परत आल्याच्या' दिवशी, दोन्ही वेळा ते कुणाला आठवत नाही. बिघडलेला हिशेब परत मिळवणं हे संगणकाचं काम आहे असं आपण धरून चालतो. त्यातला थोडाच भाग संगणकाचा असतो. बाकीचं काम कीर्द-खतावणीचं आहे, ते हिशेबनिसानेच करायचं असतं, आणि ही पुस्तिका मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

उदाहरणं मरोळची घेतली आहेत, त्याला कारण आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं, त्याचं मुख्यालय इथेच महाकाली लेण्यांच्या रस्त्यावर आहे. १९७३ साली शेजारी सीप्झ हे निर्यात क्षेत्र आलं. त्यांच्या आजूबाजूला आणि साकीनाक्यापर्यंत छोट्या गाळ्यांच्या इमारती उभ्या राहिल्या: डाय बनवणारे, छपाईवाले, खोकी आणि लेबलं करणारे, प्लेटिंग, कपडे, सुटे भाग. आज मरोळ नाक्यावर दोन मेट्रो एकमेकींना मिळतात, एक २०१४ ची वरून जाणारी आणि एक २०२४ मध्ये सुरू झालेली भुयारी, आणि काचेच्या इमारतींत ज्यांची कार्यालयं आहेत त्यांच्याकडे सर्व्हर रूम, आयटी विभाग वगैरे सगळं असतं. त्यांना या पुस्तिकेची गरज नाही. गरज आहे ती त्याच रस्त्यावरच्या पहिल्या मजल्यावरच्या गाळ्याला. तिथे हिशेबाचा संगणक पॅकिंगच्या टेबलाला लागून असतो, त्याच फेजवर कॉम्प्रेसर चालतो आणि अकाउंटंट आठवड्यातून दोन दिवस येतो, कारण बाकीचे दिवस तो दुसऱ्या दोन गाळ्यांत असतो. सीए अंधेरीत किंवा पार्ल्यात. दोघांच्या मधला दुवा म्हणजे सीएच्या ऑफिसातला आर्टिकलशिप करणारा मुलगा.

टॅलीबद्दल दोन शब्द, कारण इथे 'हिशेबाचं सॉफ्टवेअर' म्हणजे बहुतेक वेळा टॅलीच. बंगळुरूत श्यामसुंदर गोएंका यांचा कारखान्यांना माल आणि यंत्रांचे भाग पुरवण्याचा धंदा होता. त्यांना हवं तसं सॉफ्टवेअर मिळेना म्हणून त्यांचा गणित शिकलेला मुलगा भरत याने ते लिहिलं. साल १९८६. कंपनीचं नाव तेव्हा प्युट्रॉनिक्स होतं. भरत गोएंका यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. खात्यांना आकडी संकेत न देता सरळ नावानेच खातं उघडायचं, ही त्यातली युक्ती मुनिमांना पटली आणि लाल वह्यांच्या जागी टॅली आलं. २००९ मध्ये ईआरपी ९, २०२० च्या अखेरीस प्राइम. गाळ्यांमध्ये दिवाळीत वहीपूजनाला आता वहीबरोबर कीबोर्डलाही कुंकू लागतं. ते कळांच्या फटीत जाऊ देऊ नये, एवढीच माझी तांत्रिक सूचना.

आता बिघाड. टॅली आपला डेटा एका फोल्डरमध्ये ठेवतं. फोल्डरला कंपनीचं नाव नसतं, १०००० किंवा १०००१ असा पाच आकडी क्रमांक असतो. आतल्या फाइलींना ईआरपी ९ मध्ये ९०० आणि प्राइमच्या नव्या आवृत्त्यांत १८०० असं शेपूट असतं. एक विक्रीचं बिल टाकलं की ते एका जागी लिहून संपत नाही. व्हाउचर एकीकडे, पार्टीच्या खात्याशी त्याची जोडणी दुसरीकडे, मालाच्या साठ्याशी तिसरीकडे. या लिहिण्यांच्या मध्येच वीज गेली तर काही लिहिलेलं असतं, काही राहिलेलं असतं. शिवाय विंडोज 'लिहिलं' म्हणतं तेव्हा ते दरवेळी डिस्कवर उतरलेलं असतंच असं नाही. थोडा वेळ ते मेमरीत थांबलेलं असतं. म्हणून पडद्यावर 'सेव्ह' झालेलं बिलसुद्धा जाऊ शकतं. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास ग्रीडमधल्या बिघाडामुळे सगळ्या मुंबईची वीज एकदम गेली. दुकानं-कार्यालयं उघडायची हीच वेळ. अशा दिवसाच्या बातम्यांत लोकल किती थांबल्या ते येतं. किती कंपन्यांच्या फाइली अर्ध्यावर राहिल्या, ते कधी छापून येत नाही.

पण एवढ्या मोठ्या घटनेची वाट पाहावी लागत नाही. रोजचं कारण साधं असतं. ज्या यूपीएसची बॅटरी तीन वर्षांत बदललेली नाही तो यूपीएस फक्त शिट्टी वाजवतो. रिटर्नच्या शेवटच्या तारखेला, महिन्याच्या अकरा किंवा वीस तारखेला, एंट्र्या मारता मारता मशीन अडकतं आणि घाईत पॉवरचं बटण दाबून धरलं जातं. दोघे-तिघे मिळून काम करतात तिथे डेटा एका मशीनच्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये असतो आणि साध्या मल्टियूजर मांडणीत बाकीची मशीनं नेटवर्कवरून थेट त्याच फाइलींमध्ये लिहितात. वायफायने मध्येच मान टाकली की लिहिणं तुटतं. काही जण 'क्लाउड' केलं म्हणून चालू डेटाचा फोल्डर गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हमध्ये ठेवतात. त्या सेवा फाइल बदलली की उचलून वर पाठवतात, टॅली ती वापरतंय का याची त्यांना फिकीर नसते. त्यातून एकाच फाइलीच्या दोन आवृत्त्या तयार होतात आणि कोणती खरी हे कुणालाच सांगता येत नाही. बॅकअप क्लाउडवर जरूर ठेवा, चालू डेटा ठेवू नका.

आणि मग सकाळी तो संवाद होतो. "सेठ, टॅली उघडत नाहीये." "कालचा बॅकअप आहे ना?" यानंतरची शांतता किती लांबते त्यावरून पुढचं काम किती दिवसांचं आहे याचा अंदाज बांधता येतो. पडद्यावर 'मेमरी ॲक्सेस व्हायोलेशन' असतं, 'इंटर्नल एरर' असतं, किंवा काहीच नसतं. कंपनी यादीतच दिसत नाही.

त्या वेळी पहिली गोष्ट कोणती करायची यावर या पुस्तिकेत एक पूर्ण प्रकरण आहे. ते इतकं लांब का, असं कच्चा मसुदा वाचणाऱ्यांनी विचारलं. कारण बहुतेक नुकसान बिघाडाने होत नाही, बिघाडानंतरच्या पहिल्या तासात होतं. बिघडलेला फोल्डर आहे तसा दुसऱ्या डिस्कवर कॉपी करायचा आणि ती कॉपी बाजूला ठेवायची, तिला हात लावायचा नाही. पुढचे सगळे प्रयोग दुसऱ्या कॉपीवर. एवढं झाल्याशिवाय रिपेअर नाही, रिस्टोअर नाही, 'माझा एक मित्र आहे, त्याला रिमोट देतो' हे तर नाहीच. रिस्टोअरची गोम विशेष लक्षात ठेवण्यासारखी. जुना बॅकअप मूळ जागीच रिस्टोअर केला, आणि कंपनीचा क्रमांक तोच असेल, तर आजचा बिघडलेला पण कदाचित नव्वद टक्के शाबूत असलेला डेटा पुसला जाऊन त्या जागी मागच्या महिन्याचा येतो. दुरुस्त करता आलं असतं तेही गेलं. रिस्टोअर नेहमी वेगळ्या, नव्या फोल्डरमध्ये करावं.

फाइली चुकून डिलीट झाल्या असतील किंवा डिस्कच फॉरमॅट झाली असेल तर ते मशीन तिथेच थांबवायचं. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर डिलीट केलेलं लगेच पुसलं जात नाही, जागा मोकळी असल्याची फक्त नोंद होते. म्हणून तिथे बराच काळ आशा असते. एसएसडीवर विंडोज ती जागा मोकळी झाल्याचं डिस्कला कळवतं आणि डिस्क स्वतःच ती साफ करून टाकते. लॅमिंग्टन रोडवरचा हुशार कारागीरही मग फार काही करू शकत नाही. वेग वाढावा म्हणून जुन्या मशीनला एसएसडी लावून घेतलेल्यांना हा व्यवहार सहसा कुणी समजावून सांगितलेला नसतो.

टॅलीत दुरुस्तीची सोय आहे. ईआरपी ९ मध्ये कंट्रोल-ऑल्ट-आर दाबून 'रीराइट' करता येतं, प्राइममध्ये ऑल्ट-वाय दाबून डेटाच्या यादीतून 'रिपेअर'. ती डेटा वाचत जाते, तुटलेल्या जोडण्या पुन्हा बांधते, आणि जे वाचताच येत नाही ते मागे सोडते. मागे काय सोडलं, हाच आपला प्रश्न. रिपेअर यशस्वी झालं म्हणजे उरलेली फाइल सुसंगत झाली. ती पूर्ण आहे असं त्यातून ठरत नाही. दुसरा मार्ग एक्सएमएलचा: कंपनी कशीबशी उघडत असेल तर आधी मास्टर आणि मग रोजकीर्दीतली व्हाउचरं एक्सएमएलमध्ये बाहेर काढायची आणि नव्या कंपनीत आत घ्यायची. सगळं वर्ष एका दमात निघत नसेल तर महिना-महिना काढायचा. ज्या महिन्यात अडकेल त्याचे पंधरवडे करायचे, मग दिवस. शेवटी एखादंच कुजलेलं व्हाउचर सापडतं, ज्याच्यामुळे बाकीचं सगळं अडलेलं असतं. वेळखाऊ काम आहे, पण मला ते रिपेअरपेक्षा जास्त विश्वासाचं वाटतं, कारण कुठे काय अडलं ते डोळ्यांना दिसतं आणि आयातीची नोंद 'टॅली डॉट आयएमपी' या फाइलीत राहते. ती उघडून वाचायची असते. बहुतेक जण वाचत नाहीत.

या मार्गावर दोन खड्डे आहेत. मास्टर आत घेताना आधीच असलेल्या खात्यांचं काय करायचं असा प्रश्न येतो, आणि 'आरंभीच्या शिलका एकत्र करा' हा पर्याय निवडला गेला तर त्या शिलका दुप्पट होतात. सगळ्याच दुप्पट झाल्या तर तेरीज तरीही जुळते, हे ओघानं आलं. दुसरा खड्डा खोल आहे. बिलांचे क्रमांक टॅली आपोआप देत असेल आणि मधली काही बिलं गेली, तर जुन्या आवृत्त्यांत पुढची बिलं वर सरकतात आणि त्यांना नवे क्रमांक मिळतात. म्हणजे क्रमांकांच्या मालिकेत भोक दिसतच नाही. जे बिल २१४ म्हणून छापून, सही होऊन गिऱ्हाइकाकडे गेलं ते आता २११ आहे. मूळ क्रमांक तसाच ठेवण्याची निवड २०२३ च्या प्राइम ३.० पासून मिळाली, पण ती निवडलेली असावी लागते. म्हणून दुरुस्तीनंतर मालिका सलग आहे का हे पाहणं पुरेसं नाही. छापील बिलबुकातली पाच-दहा बिलं इकडून-तिकडून काढून क्रमांक, तारीख आणि रक्कम ताडून पाहावी लागते.

इथून पुढे काम संगणकाच्या बाहेर जातं. आपला हिशेब आपल्या एकट्याच्या मशीनमध्ये नसतो, आणि गेल्या काही वर्षांत तो इतक्या ठिकाणी उमटायला लागला आहे की थोडी चिकाटी असेल तर बराचसा परत उभा करता येतो.

हे पूर्वी असं नव्हतं. महाराष्ट्रात व्हॅट लागू झाला १ एप्रिल २००५ ला. चार महिने पूर्ण व्हायच्या आत २६ जुलै आला. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि मरोळ-साकीनाक्याच्या अंगाने वाहणारी मिठी नदी पात्र सोडून वस्त्यांत आणि गाळ्यांत शिरली. तळमजल्यावर ज्यांचे संगणक जमिनीलगत होते त्यांचं नव्या कराखालचं पहिलंच वर्ष पाण्यात गेलं. त्या वेळी विक्रीकर खात्याकडे रिटर्नमधल्या बेरजा होत्या, बिलवार यादी नव्हती. बँकेचं पासबुक आणि पार्ट्यांकडच्या बिलांच्या कार्बन प्रती यांवरून हिशेब जमवायचा, आणि ज्या पार्टीचा गाळाही तळमजल्यावर होता तिच्याकडे मागायची सोय नव्हती.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि हे चित्र उलटलं. नोंदणीकृत गिऱ्हाइकाला दिलेलं प्रत्येक बिल जीएसटीआर-१ मध्ये क्रमांकासह जातं. आपल्याला माल देणाऱ्यांनी भरलेली बिलं २०२० पासून जीएसटीआर-२बी मध्ये महिन्याच्या महिन्याला दिसतात. ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांची बिलं तर आधी सरकारी यंत्रणेकडे जाऊन क्रमांक घेऊनच येतात. ई-वे बिल वेगळं, कापलेल्या टीडीएससाठी २६एएस वेगळं, बँकेचं स्टेटमेंट एक्सेलमध्ये. छोट्या व्यापाऱ्यांना या सगळ्याचा जाच होतो, आणि तो खरा आहे. पण डेटा उडाला की हाच जाच आयता दुसरा खतावणीसंच म्हणून हाताशी येतो. जाता जाता एक: पोर्टलवर रिटर्न सात वर्षांपर्यंतच पाहता येतील असं सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर झालं आहे. तेव्हा दरवर्षी ते उतरवून ठेवलेले बरे.

सगळ्यांत दुर्लक्षिलेली प्रत मात्र सीएच्या ऑफिसात असते. ऑडिटसाठी दिलेला बॅकअप तिथे पडलेला असतो, म्हणजे मार्चअखेरपर्यंतचा डेटा जवळजवळ नक्की मिळतो. डेटा बिघडला की पहिला फोन दुरुस्तीवाल्याला जातो. तो आर्टिकलच्या मुलाला जायला हवा.

बाहेरच्या प्रतीवरून सगळं उभं करण्याचं एक फार मोठं उदाहरण हिशेबाच्याच सॉफ्टवेअरशी जोडलेलं आहे आणि त्याची झळ आपल्याकडेही लागली होती. २७ जून २०१७, जीएसटी सुरू व्हायला चार दिवस. युक्रेनमध्ये करविवरणं आणि हिशेबासाठी सर्रास वापरलं जाणारं एम.ई.डॉक नावाचं सॉफ्टवेअर होतं, एका छोट्या कौटुंबिक कंपनीचं. हल्लेखोरांनी त्याच्या अपडेटच्या वाटेने नॉटपेट्या हा विषाणू सोडला. युक्रेनमध्ये ज्यांच्या एका जरी संगणकावर ते सॉफ्टवेअर होतं त्या परदेशी कंपन्याही सापडल्या. त्यांत डेन्मार्कची मर्स्क होती, आणि मर्स्क समूहाचं एक टर्मिनल न्हावाशेव्याच्या बंदरात आहे. तिथलं कंटेनरचं कामकाज ठप्प झालं. मरोळचा समुद्रमार्गे निर्यात होणारा माल ज्या बंदरातून जातो तेच हे. मर्स्कने दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्याने उभे केल्याचं त्यांच्या अध्यक्षांनी नंतर जाहीरपणे सांगितलं. पण कुठला संगणक कुणाचा, कुणाला कुठे प्रवेश, याची मूळ नोंद ठेवणारे जगभरातले त्यांचे सर्व्हर एकमेकांच्या प्रती ठेवत होते आणि सगळे एकदमच पुसले गेले होते. एकच वाचला, घानामधला. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती, म्हणून तो जाळ्यात नव्हता.

मरोळला वीज गेल्याने डेटा जातो, घानात वीज गेल्याने वाचला. यातून घ्यायचं ते इतकंच की, जोडलेल्या प्रती म्हणजे बॅकअप नव्हे. सतत मशीनला खोचलेली बाहेरची डिस्क, शेअर केलेला फोल्डर, सिंक होणारं ड्राइव्ह यांना रॅन्समवेअर मूळ डेटाबरोबरच कुलूप घालतं. पेनड्राइव्हवर रोज त्याच फोल्डरमध्ये बॅकअप घेणाऱ्यांचंही काहीसं असंच होतं: जुन्या टॅलीत कालच्या बॅकअपवर आजचा चढतो, आणि बिघाड सोमवारी होऊन शनिवारी कळला तर हातात फक्त बिघडलेल्या डेटाचा ताजा बॅकअप असतो. वारांच्या नावाचे सहा फोल्डर केले तर एवढं टळतं. टॅली व्हॉल्टचा पासवर्ड लावला असेल तर तो कागदावर लिहून तिजोरीत ठेवावा. तो विसरला तर डेटा शाबूत असूनही मिळत नाही, आणि त्याला मागचं दार नाही.

मग परत येत नाही ते काय? जे फक्त आपल्यालाच माहीत होतं ते. रोखीचं पुस्तक, कारागिरांना दिलेली उचल, व्हाउचरच्या खाली लिहिलेला मजकूर, 'हे बिल अमक्या कारणाने कमी घेतलं' ही नोंद, मालाची एका कोठारातून दुसऱ्यात झालेली बदली. पोर्टलला यातलं काही ठाऊक नसतं. मरोळसारख्या ठिकाणी सर्वांत महागात पडतो तो जॉबवर्कचा हिशेब. माल चलनावर प्लेटिंगला गेला, तिथून पॉलिशला, अर्धा परत आला, थोडा घटीत गेला. कायद्याने जॉबवर्कला दिलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत यावा लागतो, नाहीतर ज्या दिवशी पाठवला त्या दिवशी विकला असं धरून कर लागतो. आयटीसी-०४ हे विवरण सहामाही किंवा वार्षिक असतं, त्यामुळे मधल्या महिन्यांची चलनं सरकारकडेही नसतात. टॅलीतून ती गेली तर उरते पिवळी पडलेली चलनबुकाची प्रत, असली तर. आणि जीएसटी कायद्याच्या कलम ३५(६) प्रमाणे ज्या मालाचा हिशेब देता येत नाही तो विकला गेला असं समजून करआकारणी होऊ शकते. 'डेटा करप्ट झाला' हे त्यावर उत्तर नव्हे.

खरं तर ते वाक्य उच्चारायलाच आता अवघड झालं आहे. भागीदारांचं भांडण, नोटीस, कर्जाची तपासणी, नेमक्या अशा वेळी डेटा उडाल्याच्या गोष्टी अधिकाऱ्यांनी इतक्या ऐकल्या आहेत की खऱ्या बिघाडावरही त्यांचा विश्वास बसत नाही. त्यांना दोष कसा द्यावा? ज्याचा खरोखर उडाला त्याने कागद तयार ठेवावेत: बिघाड कधी लक्षात आला, त्या वेळच्या पडद्याचा फोटो, हात न लावलेली मूळ कॉपी, कुणी काय दुरुस्ती केली आणि कोणत्या पुराव्यावरून कोणती नोंद पुन्हा केली. प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांना तर पर्यायच नाही. १ एप्रिल २०२३ पासून त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा, बंद करता न येणारा एडिट लॉग हवा, आणि ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनंतर बॅकअप रोज घेऊन तो भारतातल्या सर्व्हरवर ठेवायला हवा. पुन्हा केलेल्या नोंदींवर एडिट लॉगमध्ये आजचीच तारीख पडणार. ती लपवायला जाऊ नये. ऑडिटरला आधी सांगितलं की तो शेरा लिहून मोकळा होतो, नंतर त्याला सापडली की प्रश्न वेगळे येतात.

शेवटच्या प्रकरणात एक कोरा तक्ता दिला आहे. डावीकडे महिने, वरच्या ओळीत जीएसटीआर-१ ची विक्री, २बी मधली खरेदी, बँकेची महिनाअखेरची शिल्लक, २६एएस आणि रोख. दुरुस्त केलेल्या टॅलीतले आकडे आणि बाहेरचे आकडे प्रत्येक चौकटीत शेजारी शेजारी लिहायचे. फरक पडेल तो महिना उघडायचा. रोखीच्या रकान्याला बाहेरचा आकडा नसतो, म्हणून तिथे रोजचं रोखपत्रक छापून सही करून ठेवण्याचा नमुना जोडला आहे; चलनांसाठीही तसाच एक आहे. संध्याकाळी गाळा बंद करताना दोन्ही छापायला पाच मिनिटं लागतात. दुरुस्तीवाल्याचे पैसे हा तक्ता भरून झाल्यावर द्यावेत, असं मी सुचवलं होतं. काही दुरुस्तीवाल्यांना ते आवडलेलं नाही.

पायऱ्या लिहिताना ईआरपी ९ आणि प्राइम या दोनच आवृत्त्या समोर ठेवल्या आहेत. अजून ७.२ वर असलेल्यांनी, आणि मरोळमध्ये असे आहेत, आधी मायग्रेशनच्या साधनाने डेटा पुढच्या आवृत्तीत आणायचा, पण तोही कॉपीवरच. आणि ज्यांच्या गाळ्यात टॅली आत्ता, हे वाचता वाचता, बंद पडलेलं आहे त्यांनी बाकीची प्रकरणं सोडून थेट दुसरं उघडावं. मशीनला तोपर्यंत हात लावू नये.